घरच्या घरी बदललेला एक्झॉस्ट आणि न निघालेली रिंग

मोटरसायकलचा एक्झॉस्ट बदलणे हे काम कागदावर फार सोपे दिसते. इंजिनाच्या तोंडाशी आठ नट, मध्ये एक क्लॅम्प, मागे सायलेन्सर धरून ठेवणारा एक बोल्ट आणि एका सेन्सरची वायर, एवढे सोडले की जुना एक्झॉस्ट हातात येतो आणि त्याच वाटेने उलटे गेले की नवा बसतो. माझ्या चार सिलिंडरच्या, सहाशे सीसीच्या स्पोर्ट बाइकवर मी हे काम घरी केले, तेव्हा ते मला दोनदा करावे लागले. नव्या एक्झॉस्टबरोबर आलेल्या पत्रकात बसवण्याच्या पायऱ्या चित्रांसह दिलेल्या होत्या आणि त्या मी तंतोतंत पाळल्या. काढण्याविषयी मात्र त्यात ‘मूळ एक्झॉस्ट काढून घ्यावा’ एवढी एकच ओळ होती, आणि माझी चूक नेमकी त्या एका ओळीत झाली. म्हणून पुढच्या मजकुरात बसवण्यापेक्षा काढण्यालाच जास्त जागा दिली आहे.

काय बदलायचे, हे आधी ठरवावे लागते. नुसता मागचा डबा बदलायचा असेल तर स्लिप-ऑन घ्यावा; त्यात जुन्या पाइपावर नवा सायलेन्सर सरकवून क्लॅम्प आवळायचा असतो, आणि पहिल्यांदाच पाना हातात घेतलेल्या माणसाचेही ते काम तासाभरात उरकते. फुल सिस्टिममध्ये इंजिनाच्या तोंडापासून शेवटपर्यंत सगळीच नळी बदलते. बऱ्याच आधुनिक गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मधल्या पाइपात, इंजिनाच्या पोटाखाली असतो, त्यामुळे स्लिप-ऑन लावल्यावर तो जागच्या जागी राहतो आणि फुल सिस्टिम लावल्यावर बहुधा जातो. प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा लेप असलेली ती जाळी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांचा निकाल लावते, आणि ती काढून टाकलेली गाडी रस्त्यावर चालवणे बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे. मी जाळी आतच असलेली फुल सिस्टिम घेतली. ती थोडी जड पडते आणि शर्यतीच्या वेडाने झपाटलेल्या माझ्या मित्रांनी त्यावर नाकेही मुरडली. पण माझ्या मागून येणाऱ्याने माझा धूर का गिळावा, या प्रश्नाला त्यांच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते.

चार नळ्या एकत्र का आणतात हे समजून घेतले, तर पुढची बरीचशी काळजी आपोआप घेतली जाते. होंडाची सीबी ७५० ही गाडी १९६९मध्ये आली, तेव्हा तिच्या चार सिलिंडरना चार स्वतंत्र नळ्या आणि चार सायलेन्सर होते. १९७१मध्ये हिदेओ योशिमुरा यांनी शर्यतीच्या सीबी ७५०साठी चारही नळ्या एकीत आणणारा एक्झॉस्ट तयार केला. त्याने वजन तर घटलेच, शिवाय ताकदही वाढली. इंजिनाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट नळीतून मागे धावते, आणि नळी जिथे एकदम रुंद होते किंवा दुसऱ्या नळीला मिळते, तिथून कमी दाबाची लाट उलटून इंजिनाकडे परतते. ही परतलेली लाट व्हॉल्व्ह मिटण्याच्या आत पोचली, तर ती सिलिंडरमध्ये रेंगाळलेला जळका वायू ओढून घेते आणि ताज्या मिश्रणाला वाट करून देते. नळ्यांची लांबी आणि जाडी याच हिशोबाने ठरवलेली असते. ‘इंजिनाला थोडे बॅक प्रेशर लागतेच’ असे छातीठोकपणे सांगणारे अनेक जण भेटतात, पण ते खरे नाही. इंजिनाला अडथळा नको असतो, त्याला वेळेवर परतणारी लाट हवी असते. मोकळा एक्झॉस्ट लावल्यावर गाडी खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे कमी असताना, मरगळली, तर लाटेची वेळ तरी चुकलेली असते किंवा पेट्रोलचे प्रमाण तरी. यामाहाने ऐंशीच्या दशकात एक्सअप नावाची झडप नळीत बसवली ती हीच वेळ सांभाळण्यासाठी. आज अनेक स्पोर्ट बाइकना तशी झडप असते, आणि घरी काम करणाऱ्याला तिचा कसा उपद्रव होतो ते पुढे येईलच.

आवाजाविषयी माझे मत मित्रमंडळींत फारसे लोकप्रिय नाही, तरी सांगतो. सायलेन्सरवर वर्तुळात ‘ई’ हे अक्षर आणि त्याशेजारी आकडा कोरलेला असेल, तर तो संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ९२ सारख्या चाचणीतून गेलेला असतो, आणि त्या चाचणीत आतली आवाज कमी करणारी नळी, म्हणजे डीबी किलर, जागेवर असते. ती नळी एका छोट्या बोल्टने धरलेली असते आणि तो बोल्ट काढण्याचा मोह प्रत्येकाला होतो. उभ्या गाडीचा आवाज मोजताना मायक्रोफोन सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर अंतरावर, ४५ अंशांच्या कोनात धरतात. तिथे दहा डेसिबल वाढले तर कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, आणि ध्वनीची ऊर्जा मात्र दहापट झालेली असते. मी ती नळी काढली नाही. हेल्मेट घालून तीन तास चालवायची गाडी पहिल्या दहा मिनिटांच्या कौतुकासाठी कर्कश करण्यात मला अर्थ वाटत नाही.

आता काम. गाडी पूर्ण थंड असावी, मागचे चाक पॅडॉक स्टँडवर (ते जमिनीवरून उचलून धरणाऱ्या स्टँडवर) आणि पुढचे चाक पक्के अडवलेले असावे, कारण पुढे आठ नटांवर जोर लावताना गाडी हलली तर ती आपल्याच अंगावर येते. सगळ्यात आधी फेअरिंग, म्हणजे गाडीच्या अंगावरचे प्लास्टिकचे कवच, उतरवावे लागते. त्याचे स्क्रू दिसायला सारखे आणि लांबीला वेगवेगळे असतात. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर आतल्या वायरीत किंवा रेडिएटरमध्ये घुसू शकतो. मी एका मोठ्या पुठ्ठ्यावर गाडीच्या दोन्ही बाजूंची कच्ची चित्रे काढली आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्या त्या जागी टोचून ठेवला. हे काम बालिश दिसते, पण परत जोडताना त्या पुठ्ठ्याने माझा किमान एक तास वाचवला. चार सिलिंडरच्या बऱ्याच गाड्यांत हेडरचे (इंजिनाला जोडलेल्या पुढच्या नळ्यांचे) नट रेडिएटरच्या मागे दडलेले असतात. रेडिएटरचे खालचे बोल्ट सोडून तो पुढे झुकवला, तर पाइप न काढताही पान्याला जागा होते. त्याच्या नाजूक पापुद्र्यांपुढे पुठ्ठ्याचा तुकडा लावावा, नाहीतर रॅचेट निसटले की पाचसहा पापुद्रे एकदम आडवे होतात.

हेडरचे नट हा या कामातला खरा धोका आहे. ॲल्युमिनियमच्या सिलिंडर हेडमध्ये पोलादी स्टड, म्हणजे आटे असलेल्या बिनडोक्याच्या सळया, बसवलेले असतात, त्यांवर नट असतात, आणि ही जोडी वर्षानुवर्षे भट्टीसारख्या उष्णतेत तापत आणि पावसात भिजत असते. दोन वेगळ्या धातूंमध्ये पाणी शिरले की गंज लवकर धरतो, आणि गंजलेला नट जोरात फिरवला तर नट सुटण्याऐवजी स्टड तुटतो. हेडमध्ये तुटून राहिलेला स्टड काढणे हे घरचे काम नाही. म्हणून मी शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या नटांवर गंज सोडवणारे तेल मारले, रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा मारले आणि शनिवारी सकाळी तिसऱ्यांदा. तेल मारताना इंजिन कोमट असले तर ते आट्यांत चांगले झिरपते, पण गरम नळीवर मारू नये, कारण ते पेट घेते. गॅसच्या ज्योतीने नट तापवण्याचा सल्लाही मला मिळाला होता. वर पेट्रोलची टाकी असताना तो मी मानला नाही.

सहा कोनांचा सॉकेट घ्यावा. बारा कोनांचा सॉकेट गंजलेल्या नटाच्या कडा खातो आणि मग तो नट कशालाच दाद देत नाही. पाना लावल्यावर पहिली हालचाल उलट्या दिशेने, म्हणजे किंचित आवळण्याची करावी. गंजाचा थर तिथेच मोडतो आणि हाताला एक बारीक ‘कट्’ जाणवते. मग अर्धा फेरा सोडायचा, पाव फेरा परत आवळायचा, पुन्हा सोडायचा, असे करत न्यायचे. पान्याला लांब पाइप जोडून जोर वाढवण्याचा मोह टाळावा, कारण आखूड दांड्याने नट सुटतोय की स्टड पिळला जातोय हे मनगटाला कळते आणि लांब दांड्याने ते कळेनासे होते. पिळला जाणारा स्टड सुरुवातीला मऊ लागतो, रबर ओढल्यासारखा; तसे वाटले की लगेच थांबावे, तेल मारावे आणि दुसऱ्या नटाकडे वळावे. माझे आठपैकी सहा नट सरळ सुटले. दोन नटांबरोबर स्टडच हेडमधून बाहेर आले, पण त्यात काही बिघडत नाही. मी ते दोन स्टड बदलूनच टाकले. नवा स्टड बसवताना त्यावर दोन नट एकमेकांना भिडवून घट्ट करायचे आणि वरच्या नटाला पाना लावून स्टड फिरवायचा, म्हणजे आट्यांना पक्कड लावावी लागत नाही.

नट सैल झाले तरी पाइप लगेच खाली ओढू नये. त्याला अजून दोन गोष्टी लटकलेल्या असतात. पहिली म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. त्याची वायर आधी जोडणीच्या ठिकाणी सोडवावी आणि मगच सेन्सरचे आटे फिरवावेत, नाहीतर सेन्सरबरोबर वायरही पिळली जाते. वायर मध्ये येत असल्याने एका बाजूला खाच असलेला सॉकेट वापरावा लागतो. दुसरी म्हणजे ती झडप. तिच्या चाकावरून दोन केबली सीटखालच्या छोट्या मोटरीकडे जातात. केबली सोडवून मोटर तशीच जोडलेली ठेवावी की मोटरही काढावी, हे गाडीगणिक बदलते. काही गाड्यांत मोटरची वायर काढली की ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) डॅशबोर्डवर दिवा लावून तक्रार करतो, आणि मग त्याची समजूत घालणारा छोटा प्लग वेगळा घ्यावा लागतो. माझ्या नव्या सिस्टिममध्ये झडपेची जागा ठेवलेली होती, त्यामुळे कोणती केबल वर आणि कोणती खाली एवढी खूण करून ठेवण्यावर माझे भागले. तेवढ्यासाठी मोबाइलवर फोटो काढावा, लक्षात ठेवण्याच्या भरवशावर राहू नये.

शेवटी धाकट्या भावाने मागून डबा धरला, मी पुढून चार नळ्या धरल्या आणि सगळा एक्झॉस्ट एकसंध खाली आला. तो हातात आल्यावर कंपन्या वजनाबद्दल का बोलतात ते कळले. टायटॅनियमची घनता ४.५ आणि पोलादाची आठाच्या जवळपास, हे वाचून माहीत असते. पण जुना एक्झॉस्ट जमिनीवर ठेवताना दोघांच्या कमरा वाकल्या आणि नवा मी एका हाताने उचलला. पोटाखाली एवढी जागा मोकळी झालीच होती, तेव्हा इंजिन ऑइल आणि फिल्टरही त्याच बैठकीत बदलून घेतले.

आता ती रिंग. प्रत्येक नळी जिथे हेडमध्ये शिरते, तिथे तांब्याच्या पातळ पत्र्याची एक गोल गॅस्केट असते. नट आवळले की ती चेपते आणि नळी व हेड यांच्यातली फट भरून काढते. एकदा चेपलेली रिंग पुन्हा चेपत नाही, म्हणून ती दर वेळी नवी घालायची असते, आणि चार नव्या रिंगा माझ्याकडे तयार होत्या. जुन्या रिंगांपैकी पहिली आणि चौथी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने सहज निघाली, दुसरी पाइपाला चिकटून बाहेर आली. तिसऱ्या तोंडात मी टॉर्च मारून पाहिले, तर आत गुळगुळीत काळी कड दिसली, आणि ती हेडचीच कड आहे अशी मी स्वतःची समजूत करून घेतली. रिंग पाइपाबरोबर निघून कुठेतरी घरंगळली असेल, असे म्हणून जमिनीवर दोन मिनिटे शोधाशोधही केली. वर्षानुवर्षांच्या काजळीने माखलेली, चपटी झालेली रिंग आणि हेडची कड यांच्यात डोळ्यांना फरक दिसत नाही. हाताला दिसतो. नखाने किंवा टोक वाकवलेल्या तारेने ती कड खरवडली असती, तर काजळीखाली तांब्याचा लालसर रंग लगेच उघडा पडला असता. मी खरवडली नाही.

नवा एक्झॉस्ट बसवण्याचा एकच नियम आहे: सगळे तुकडे जागेवर येईपर्यंत काहीही घट्ट करायचे नाही. नव्या रिंगा तोंडात बसवताना त्यांना बोटभर ग्रीस लावले की त्या खाली पडत नाहीत. मग चारही नळ्या, त्या जिथे एक होतात तो कलेक्टर, मधला पाइप, सायलेन्सर आणि फ्रेमला धरणारी पट्टी, असे सगळे नुसते अडकवायचे, नट बोटांनी फिरवून सोडायचे, आणि एक्झॉस्ट हलवून पाहायचा. तो कुठेही ताणलेला नसावा. मागच्या पट्टीचे भोक आणि फ्रेमचे भोक समोरासमोर आपसूक आले पाहिजे. ते ओढून जुळवावे लागत असेल तर पुढे कुठेतरी नळी वाकडी बसलेली आहे असे समजावे, कारण असा ओढून जुळवलेला एक्झॉस्ट काही महिन्यांत वेल्डिंगच्या जोडावर किंवा पट्टीच्या कोपऱ्यात तडकतो. याच टप्प्यावर पाइप आणि फेअरिंग, पाइप आणि मागच्या ब्रेकची नळी, सायलेन्सर आणि स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा, वरखाली हलणारा दांडा) यांच्यातली अंतरे पाहून घ्यावीत. गाडी स्टँडवर असताना तिच्यावर चालवणाऱ्याचे वजन नसते, म्हणून गाडी खाली घेऊन, कोणाला तरी सीटवर दणकून बसवून पुन्हा पाहावे.

नळ्यांचे सांधे स्प्रिंगांनी धरलेले असतात, कारण गरम झालेली नळी लांबीला वाढते आणि इंजिन थरथरते, तेव्हा सांध्याला थोडी मोकळीक हवी असते. स्प्रिंग ओढण्यासाठी आकड्याचे हत्यार मिळते. पक्कड वापरू नये; ताणलेली स्प्रिंग पकडीतून निसटते तेव्हा ती नेहमी तोंडाच्या दिशेनेच येते असा माझा अनुभव आहे, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा. त्यानंतर नट इंजिनाकडून मागे, आळीपाळीने, तीनचार फेऱ्यांत थोडे थोडे आवळत न्यायचे. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये हेडरच्या नटांसाठी २० न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क सांगितला आहे, आणि टॉर्कचा पाना ‘टक्’ म्हणतो तेव्हा तो इतका कमी वाटतो की हात आणखी आवळायला शिवशिवतात. तिसऱ्या नळीची फ्लँज, म्हणजे नट जिच्यावर आवळतात ती चकती, बाकीच्या तिघींपेक्षा हेडपासून थोडी जास्त दूर राहिलेली मला दिसत होती. अंतर मिलिमीटर-दीड मिलिमीटर असेल. नव्या मालात थोडा फरक असायचाच, असे मी म्हटले.

सेन्सरच्या आट्यांना गंजरोधक लेप अगदी थोडा लावला, टोकाला लागू दिला नाही. सांध्यांना सिलिकॉनचा लेप लावणार असाल तर डब्यावर तो सेन्सरला चालतो असे लिहिले आहे का ते पाहावे, कारण साध्या सिलिकॉनची वाफ सेन्सर निकामी करते. गाडी चालू करण्यापूर्वीचे शेवटचे काम म्हणजे सगळ्या नळ्या स्वच्छ फडक्याने आणि ॲसिटोनने पुसणे. बोटांचा तेलकटपणा पहिल्याच तापण्यात धातूवर भाजून कायमचा उमटतो. टायटॅनियम तापले की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि प्रकाशाच्या खेळामुळे तो सोनेरी, जांभळा, निळा दिसतो. त्या निळाईत आपल्याच अंगठ्याचा ठसा पाहत राहावे लागणे फार वाईट. माझ्या दुसऱ्या नळीवर, आतल्या बाजूला, तसा एक ठसा आहे. भावाचा आहे असे माझे म्हणणे आहे.

गाडी मोकळ्या हवेत ढकलत आणली आणि चालू केली. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो, त्यामुळे बंद जागेत ‘एक मिनिटच तर चालू करायची आहे’ हा विचार करू नये. पहिली पाच मिनिटे सगळ्या नळ्यांतून पांढरा धूर निघतो. कारखान्यातले तेल, डब्यातल्या लोकरीचा चिकट थर आणि आपले ग्रीस जळत असते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. घाबरण्यासारखे होते ते दुसरेच. इंजिनाच्या आवाजात एक बारीक ‘टिक् टिक् टिक्’ मिसळलेली होती, आरपीएमबरोबर वाढणारी. इंजिन गरम झाल्यावर ती बरीच कमी झाली, आणि मला हायसे वाटण्याऐवजी खात्री पटली, कारण व्हॉल्व्हचा आवाज असा विरत नाही; धातू फुगला की फट मिटते आणि हवेची गळती मात्र अशी विरते.

गळती नेमकी कुठे आहे हे शोधण्याचा सोपा उपाय म्हणजे साबणाचे पाणी. इंजिन थंड होऊ द्यावे, हवा बाहेर फेकणाऱ्या व्हॅक्यूम क्लिनरची नळी सायलेन्सरच्या तोंडाशी लावून भोवतीची फट फडक्याने बुजवावी आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी फवारावे. कलेक्टरच्या स्प्रिंगांपाशी चारदोन बुडबुडे आले, तेवढे चालते. तिसऱ्या तोंडाशी मात्र फेसाचा गोळाच उभा राहिला. फेअरिंग अजून चढवले नव्हते हे नशीब. पुन्हा स्प्रिंगा, पुन्हा आठ नट, पुन्हा सेन्सर. या वेळी मी टोक वाकवलेली तार घेऊन तिसऱ्या तोंडातली ती गुळगुळीत कड खरवडली आणि दुसऱ्या ओरखड्याला तांबे चमकले. जुनी रिंग काठाकाठाने उचकटायला वीस मिनिटे लागली. ती निघाल्यावर त्या तोंडाची खोली इतर तिघांएवढी झाली. याच रिंगेने ती मिलिमीटर-दीड मिलिमीटर जागा खाल्ली होती, तिच्यावर बसलेली नवी रिंग तिरकी चेपली होती आणि म्हणून फ्लँज दूर राहिली होती. चेपलेली नवी रिंगही अर्थात वाया गेली, आणि एका रिंगेसाठी गाडी आणखी तीन दिवस उघडी पडून राहिली. पाचवी रिंग आधीच आणून ठेवावी, हा सल्ला मला कोणी दिला नव्हता, म्हणून मी देतो.

एवढ्याशा गळतीचे इतके काय, असे कोणी विचारील. दाबाच्या दोन लाटांच्या मध्ये नळीतला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढे बसलेल्या सेन्सरला त्या हवेतला ऑक्सिजन दिसतो, इंजिनाला पेट्रोल कमी पडते आहे असा निरोप तो ईसीयूला देतो, आणि ईसीयू बिचारा नसलेली उणीव भरून काढण्यासाठी पेट्रोल वाढवत राहतो. शिवाय थ्रॉटल सोडल्यावर उरलेल्या पेट्रोलाला ती हवा मिळाली की मागून फटाके वाजतात. लोकांना ते आवडतात; मला ते ऐकू आले की सांधे तपासावेसे वाटतात.

पेट्रोलच्या प्रमाणाबद्दल थोडेसे. शांतपणे एका वेगात चालताना ईसीयू सेन्सरचे ऐकतो आणि हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ला एक असे राखतो, त्यामुळे स्लिप-ऑन लावणाऱ्याने सहसा काहीच करावे लागत नाही. पूर्ण थ्रॉटलला मात्र तो सेन्सरकडे न पाहता आपल्या ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो, आणि तो तक्ता जुन्या एक्झॉस्टसाठी लिहिलेला असतो. फुल सिस्टिममुळे हवा जास्त वाहू लागली तर मिश्रण तिथे पातळ होते आणि इंजिन नको तेवढे तापते. मी डायनोवर, म्हणजे गाडी जागच्या जागी पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, तक्ता दुरुस्त करून घेतला. हे एक काम घरी होत नाही. ताकदीतला फरक वरच्या आरपीएमला जाणवतो, पण खरे सांगायचे तर मला जास्त जाणवले ते वजन. गाडी उभ्याने ढकलताना आणि एका वळणातून दुसऱ्या वळणात टाकताना ती पूर्वीपेक्षा लवकर ऐकते.

पहिल्या दीडशे किलोमीटरनंतर, गाडी रात्रभर थंड करून, मी सगळे नट पुन्हा टॉर्कच्या पान्याने तपासले. रिंगा तापून आणखी चेपल्यामुळे सहा नट साधारण अष्टमांश फेरा फिरले. तिसऱ्या नळीचे दोन नट जवळजवळ पाव फेरा फिरले. त्यानंतर प्रत्येक नटापासून फ्लँजवर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढली. दर वेळी साखळीला तेल घालायला खाली बसलो की टॉर्च मारून त्या आठ रेघा बघतो. तिसऱ्या नळीवरच्या दोन आता धुराने पिवळट पडल्या आहेत, पण अजून सरळ आहेत.